तज्ज्ञांनी काय ठरवले, हे फॅमिली डॉक्टरांना कोण सांगणार?

"काय म्हणाले मोठे डॉक्टर?"
"गोळ्या बदलल्यात म्हणाले."
"कोणत्या बदलल्या?"
"ती छोटी पांढरी बंद केली बहुतेक. आता पिवळी दिलीय."
"का बदलली, काही सांगितलं का?"
"नाही हो डॉक्टर, तिथे केवढी गर्दी! फाईल आणलीय, तुम्हीच बघा."

हा संवाद महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातल्या, कुठल्याही पेठेतल्या दवाखान्यात रोज ऐकू येतो. फाईल उघडली की त्यात रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीची फिल्म, औषधांची बिले आणि घाईत लिहिलेले एक प्रिस्क्रिप्शन सापडते. तज्ज्ञांच्या मनात नेमके काय होते, ते मात्र त्यात नसते. मग फॅमिली डॉक्टरांना औषधांच्या नावांवरून आजाराचा अंदाज बांधावा लागतो.

रुग्ण हॉस्पिटलमध्ये दाखल झाला असेल, तर घरी जाताना त्याला डिस्चार्ज कार्ड मिळते. त्यावर निदान, केलेले उपचार आणि पुढच्या सूचना असतात. ते नेहमीच नीट लिहिलेले असते असे नाही, पण निदान कागद तरी असतो. ओपीडीत दाखवून परत येणाऱ्या रुग्णाच्या हाती मात्र बहुतेक वेळा फक्त प्रिस्क्रिप्शन असते. एकूण उपचारांपैकी मोठा भाग तर ओपीडीतच होतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, संधिवात, थायरॉइड, फिट्स अशा वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारांची औषधे तिथेच सुरू होतात, वाढतात आणि थांबतात.

प्रिस्क्रिप्शन पत्राचे काम का करत नाही?

प्रिस्क्रिप्शन मुळात औषध दुकानदारासाठी असते. कोणते औषध, किती आणि कधी घ्यायचे, एवढेच त्यातून कळते. दुसऱ्या डॉक्टरांना हवी असलेली माहिती वेगळी असते.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो बंद केलेल्या औषधांचा. समजा, रुग्ण आधीपासून रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेत आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी नव्या कागदावर तीन औषधे लिहिली आणि त्यात जुन्या दोन्ही गोळ्यांचा उल्लेख नाही. याचा अर्थ काय घ्यायचा? त्या बंद करायच्या, की 'त्या चालू आहेतच' असे गृहीत धरून तज्ज्ञांनी फक्त नवी औषधे लिहिली? रुग्ण एक अर्थ लावतो, घरचे दुसरा आणि फॅमिली डॉक्टर तिसरा.

त्यात आपल्याकडे ब्रँडच्या नावांचा गोंधळ आहे. एकच औषध अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. जुनी गोळी आणि नवी गोळी नावाने वेगळ्या, पण आतले औषध एकच असते. रुग्ण दोन्ही घेत राहतो. रक्तदाबाच्या बाबतीत असे झाले तर त्याला चक्कर येते, मधुमेहाच्या बाबतीत झाले तर साखर एकदम खाली जाते. औषधे शक्यतो जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि मोठ्या अक्षरांत लिहावीत, अशी दुरुस्ती वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६ मध्ये झाली. ती पाळली गेली तर हा एक धोका बराच कमी होईल.

एका गोळीची गोष्ट

या दुव्याच्या तुटण्याने किती नुकसान होऊ शकते, हे मेथोट्रेक्सेट या औषधावरून चांगले समजते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या प्रकारच्या संधिवातात आणि सोरायसिसमध्ये हे औषध फार उपयोगी आहे. ते स्वस्त आहे आणि जगभर वापरले जाते. पण या आजारांत ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. 'गोळी म्हणजे रोज एक' हा आपला सवयीचा हिशेब इथे जिवावर बेतू शकतो. रोज घेतल्यास तोंडात फोड येतात, रक्तपेशी कमी होतात, संसर्ग बळावतो आणि मृत्यूही होऊ शकतो. असे अपघात वारंवार घडत असल्यामुळेच युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये या औषधाच्या बाबतीत जादा खबरदारीचे उपाय सुचवले.

आता एक कल्पित, पण सहज घडू शकणारा प्रसंग पाहू. कोरेगावकडच्या एका ६२ वर्षांच्या आजींना पुण्यातल्या संधिवाततज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट सुरू केले. आठवड्यातून एकदा घ्या, असे नीट समजावूनही सांगितले. आजी ते बरोबर घेत आहेत, गुडघे आणि बोटे मोकळी झाली आहेत. दोन महिन्यांनी त्यांना लघवीला जळजळ होऊ लागली. त्या गावातल्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी विचारले, "आजी, दुसरी काही औषधं चालू आहेत का?" आजी म्हणाल्या, "सांधेदुखीची आहेत, पुण्याची." फाईल घरी होती. डॉक्टरांनी कोट्रायमोक्सॅझोल हे जुने, स्वस्त आणि एरवी बऱ्यापैकी सुरक्षित असलेले प्रतिजैविक दिले.

इथे कोणीच निष्काळजीपणा केलेला नाही असे वाटते. पण ही दोन औषधे एकत्र घेणे धोक्याचे आहे. दोन्ही औषधे फॉलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणतात. शिवाय कोट्रायमोक्सॅझोलमुळे मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडण्याचा वेग मंदावतो. अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती कोलमडू शकते. आठवडाभरात आजींना ताप येऊन तोंड सोलवटले, तर गावातल्या डॉक्टरांना ते साधे इन्फेक्शन वाटू शकते, कारण मूळ औषधाची त्यांना कल्पनाच नाही. 'मेथोट्रेक्सेट चालू आहे, कोट्रायमोक्सॅझोल देऊ नका, तोंडात फोड किंवा ताप आल्यास औषध थांबवून लगेच कळवा' एवढा मजकूर त्यांच्याकडे असता, तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटली असती.

अशी उदाहरणे आणखी देता येतील. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा महिने ते वर्षभर एकत्र घ्याव्या लागतात. नेमका कालावधी त्या रुग्णाच्या हृदयरोगतज्ज्ञांनाच ठाऊक असतो. मधेच दाढ काढायची वेळ येते आणि कोणीतरी सांगते, 'आठ दिवस गोळ्या बंद ठेवा.' त्यामुळे स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. रक्तदाबाची काही औषधे आणि लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या रुग्णाला गुडघेदुखीसाठी वेदनाशामक दिले, तर तिन्हींचा मिळून मूत्रपिंडावर ताण येतो. स्टेरॉइडची गोळी बरेच दिवस घेतल्यावर ती हळूहळूच कमी करावी लागते. 'संपली म्हणून बंद केली' असे झाले, तर रुग्ण कोसळू शकतो. या प्रत्येक ठिकाणी ज्ञानाची कमतरता नव्हती. ज्याला ठाऊक होते त्याने ते पुढच्याला कळवले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करण्यासाठी जागतिक मोहीम सुरू केली. तिने तीन ठिकाणी विशेष लक्ष द्यायला सांगितले: धोकादायक परिस्थिती, एकाच वेळी अनेक औषधे घेणारे रुग्ण आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उपचारासाठी जातो तो टप्पा. आपल्याकडे साठीच्या पुढचा, दोन-तीन आजार असलेला आणि दोन-तीन तज्ज्ञांकडे जाणारा रुग्ण या तिन्ही गटांत एकदमच मोडतो.

दोघांनाही वाटते, 'मी तर कळवले होते'

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ६८ टक्के तज्ज्ञांनी सांगितले की, विचारलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्याला पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून आधी काहीच माहिती आली नव्हती. उलट बाजूने, रुग्ण तज्ज्ञांकडे जाऊन चार आठवडे उलटले तरी २५ टक्के फॅमिली डॉक्टरांना तज्ज्ञांकडून काही कळले नव्हते.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेले दुसरे अमेरिकी सर्वेक्षण आणखी बोलके आहे. 'आम्ही रुग्णाची माहिती आणि पाठवण्याचे कारण नेहमी किंवा बहुतेक वेळा तज्ज्ञांना कळवतो,' असे ६९ टक्के फॅमिली डॉक्टरांनी सांगितले. ती मिळते असे म्हणणारे तज्ज्ञ मात्र ३५ टक्केच होते. 'आम्ही आमचे मत परत कळवतो,' असे सुमारे ८१ टक्के तज्ज्ञ म्हणाले, तर ते मिळते असे म्हणणारे फॅमिली डॉक्टर होते ६२ टक्के. दोन्ही बाजूंना आपण आपले काम केले असे मनापासून वाटते आणि मधल्या मधे माहिती हरवते. म्हणून 'डॉक्टरांनी थोडे अधिक लक्ष द्यावे' असा उपदेश करून हा प्रश्न सुटत नाही. पत्र लिहिले गेले, पोहोचले आणि वाचले गेले, या तिन्ही गोष्टींची व्यवस्था लावावी लागते.

नियम तर आहेच

अनेक रुग्णांना ठाऊक नसते, पण याबाबत आपल्याकडे स्पष्ट नियम आहे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार, रुग्णाला तज्ज्ञांकडे पाठवताना उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या आजाराचा सारांश द्यायचा असतो आणि तज्ज्ञांनी आपले मत त्या डॉक्टरांना लेखी कळवायचे असते. २०२३ मध्ये आलेली नवी नियमावली काही दिवसांतच स्थगित झाली, त्यामुळे २००२ चीच संहिता पुढे चालू राहिली. म्हणजे पत्र लिहिणे हा केवळ शिष्टाचार नाही, ते व्यावसायिक कर्तव्य आहे.

मग ते होत का नाही? पहिले कारण गर्दी. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी केसपेपर काढण्यासाठी लागलेली रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिथल्या डॉक्टरांकडून सविस्तर पत्राची अपेक्षा करणे अवघड वाटेल. तिथे दर वेळी वेगळे निवासी डॉक्टर भेटतात, तेही आधीच्या दोन ओळी वाचून काम पुढे नेतात.

दुसरे कारण रुग्णांच्या सवयीत आहे. आपल्याकडे कोणीही थेट तज्ज्ञांकडे जाऊ शकतो. शेजाऱ्याने नाव सुचवले, की रुग्ण जातो. मग फॅमिली डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून त्यांना सांगत नाही आणि तज्ज्ञांनी 'तुमचे नेहमीचे डॉक्टर कोण?' असे विचारलेच, तर 'असं कोणी नाही' म्हणून मोकळा होतो. कळवायचे कोणाला, हेच तज्ज्ञांना माहीत नसते.

तिसरे कारण अवघड आहे, पण टाळण्यासारखे नाही. 'कट प्रॅक्टिस'च्या चर्चेमुळे डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीकडे लोक संशयाने पाहतात. चिठ्ठी म्हणजे कमिशनची पावती, असा समज झाला आहे. काही रुग्ण ती वाटेतच फाडून टाकतात. या संशयावरचा उपायही पत्रच आहे. बंद पाकिटात नव्हे, तर रुग्णाला वाचता येईल असे, कारण स्पष्ट लिहिलेले उघडे पत्र असले, की त्यात लपवण्यासारखे काही उरत नाही.

चौथे कारण फोन. अनेक तज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर एकमेकांना फोन करतात, व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवतात. तातडीच्या वेळी याचा मोठा उपयोग होतो. पण तीन महिन्यांनी तो मेसेज सापडत नाही आणि रुग्णाच्या फाईलमध्ये त्याची नोंद नसते. फोन जरूर करावा, मात्र त्यात जे ठरले ते कागदावर यायला हवे.

इंग्लंडने काय केले?

इंग्लंडमधली रचना वेगळी आहे. तिथे प्रत्येक जण एका फॅमिली डॉक्टरांकडे नोंदलेला असतो आणि बहुतेक वेळा त्यांच्यामार्फतच तज्ज्ञांकडे जातो. त्यामुळे पत्र कोणाला पाठवायचे हा प्रश्नच येत नाही. तरीही तिथे पत्रे उशिरा पोहोचत. म्हणून तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने रुग्णालयांबरोबरच्या करारातच मुदत घातली. फॅमिली डॉक्टरांनी काही करणे आवश्यक असेल, तर ओपीडीतल्या भेटीचे पत्र सात दिवसांत पोहोचले पाहिजे, अशी अट २०१८ पासून आहे.

त्याच वर्षी तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने आणखी एक पाऊल टाकले. ओपीडीतले पत्र डॉक्टरांनी थेट रुग्णालाच उद्देशून, साध्या भाषेत लिहावे आणि त्याची प्रत फॅमिली डॉक्टरांना पाठवावी, अशी शिफारस तिने केली. 'रीनल' ऐवजी 'किडनी' लिहावे, लॅटिन संक्षेपाऐवजी 'दिवसातून दोनदा' असे लिहावे, अशा अगदी बारीक सूचना त्यात आहेत. एकाच पत्रात दोन कामे होतात. रुग्णाला आपल्या आजाराचा अर्थ कळतो आणि फॅमिली डॉक्टरांनाही गोळाबेरीज सहज समजते.

सहा ओळी पुरतात

आपल्या ओपीडीत दोन पानी पत्र शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. फॅमिली डॉक्टरांना सहा प्रश्नांची उत्तरे हवी असतात: निदान काय? औषधांत काय बदलले आणि का? किती दिवस? कोणत्या तपासण्या, कधी आणि कोणी करायच्या? काय टाळायचे, धोक्याची खूण कोणती? आणि अडचण आल्यास कोणाला विचारायचे? वरच्या आजींसाठी असे पत्र साधारण असे दिसेल:

निदान: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस.
सुरू केले: मेथोट्रेक्सेट १५ मि.ग्रॅ., आठवड्यातून एकदाच, दर रविवारी. फॉलिक ॲसिड ५ मि.ग्रॅ., दर बुधवारी.
बंद केले: रोजची वेदनाशामक गोळी. रक्तदाबाची गोळी पूर्वीप्रमाणे चालू.
तपासण्या: रक्तपेशी, लिव्हर आणि क्रिएटिनिन. पहिले तीन महिने दर महिन्याला. आपण गावातच कराव्यात, रिपोर्ट आम्हाला पाठवावा.
टाळावे: कोट्रायमोक्सॅझोल. ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला, दम लागल्यास मेथोट्रेक्सेट थांबवून त्याच दिवशी कळवावे.
पुढची भेट: तीन महिन्यांनी. संपर्क: ओपीडीचा फोन, सकाळी १० ते १.

हे लिहायला दोन-तीन मिनिटे लागतात. छापील नमुना तयार असेल, तर त्याहूनही कमी. यातली चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ती कामाची वाटणी करते. 'रक्त तपासत राहा' एवढेच म्हटले, की तज्ज्ञांना वाटते गावातले डॉक्टर पाहतील आणि गावातल्या डॉक्टरांना वाटते पुण्यात पाहत असतील. शेवटी कोणीच पाहत नाही.

हे पत्र दोन्ही दिशांनी जायला हवे. फॅमिली डॉक्टरांनीही पाठवताना 'पुढील तपासणीसाठी' एवढेच न लिहिता, नेमका प्रश्न काय आहे, आजवर काय दिले, कशाची ॲलर्जी आहे, घरची परिस्थिती कशी आहे, हे कळवावे. आजींना सुईने इन्सुलिन घेता येणार नाही कारण घरी त्या एकट्याच असतात, ही माहिती फॅमिली डॉक्टरांकडेच असते आणि ती औषधाच्या निवडीइतकीच मोलाची असते. आपल्याकडे अनेक फॅमिली डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर आहेत. त्यांनी दिलेल्या औषधांची यादीही तज्ज्ञांपर्यंत मोकळेपणाने जायला हवी आणि तज्ज्ञांनी ती तुच्छतेने बाजूला न ठेवता वाचायला हवी.

डिजिटल नोंदींचे काय?

केंद्र सरकारचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक घेता येतो आणि त्याच्याशी जोडलेल्या आरोग्यनोंदी स्वतःच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येतात. दोन्ही दवाखाने या व्यवस्थेत असतील, तर फाईल घरी राहण्याचा प्रश्न मिटेल. पण यंत्रणा फक्त कागद पोहोचवते. त्या कागदावर 'का' आणि 'पुढे कोणी काय करायचे' हे लिहिलेले नसेल, तर पिशवीतला गोंधळ मोबाइलमध्ये जाईल, एवढेच.

रुग्ण आणि घरच्यांनी काय करावे?

व्यवस्था सुधारेपर्यंत थांबण्याची गरज नाही. काही गोष्टी आजपासून करता येतात.

• तज्ज्ञांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या किंवा लिहिलेली यादी न्यावी. त्यात आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि दुकानातून स्वतः घेतलेल्या गोळ्याही असाव्यात.

• नेहमीच्या डॉक्टरांचे नाव आणि फोन फाईलच्या पहिल्या पानावर लिहावा. तज्ज्ञांना स्वतःहून सांगावे की, पुढे लक्ष हे डॉक्टर ठेवणार आहेत.

• उठण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: "डॉक्टर, जुन्यापैकी काय बंद करायचं? हे किती दिवस घ्यायचं? आमच्या डॉक्टरांसाठी दोन ओळी लिहून द्याल का?" यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

• परत आल्यावर आठवडाभरात फॅमिली डॉक्टरांना भेटून पत्र दाखवावे, सगळे ठीक वाटत असले तरीही. 'त्यांना न विचारता गेलो' ही भीड बाळगू नये. रुग्ण दुसरीकडे गेला याचे डॉक्टरांना जेवढे वाईट वाटेल, त्याहून जास्त अडचण त्यांना माहितीविना औषध देताना होते.

• आठवड्यातून एकदा घ्यायचे औषध, रक्त पातळ करणारे औषध, स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा फिट्सचे औषध चालू असेल, तर त्याचे नाव एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवावे. दातांच्या डॉक्टरांसह प्रत्येकाला ते आधी दाखवावे.

• औषधांची यादी घरातल्या आणखी एका माणसाकडे असावी. मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असतील, तर यादीचा फोटो त्यांच्याकडे असावा आणि दर भेटीनंतर तो बदलावा.

तज्ज्ञांना आजाराची खोली ठाऊक असते आणि फॅमिली डॉक्टरांना त्या माणसाचे रोजचे जगणे. रुग्णाला दोन्हींची गरज असते. पुढच्या वेळी ओपीडीतून निघताना प्रिस्क्रिप्शनबरोबर त्या सहा ओळी मागून घ्या आणि त्या फाईलमध्ये सर्वांत वर लावा.